नको म्हणण्याचा हक्क : जुने कापड, दान आणि दुकान

इंग्रजीत ज्याला ‘चॅरिटी शॉप’ म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. ‘धर्मादाय दुकान’ म्हणावे तर फुकट वाटपाची रांग डोळ्यांपुढे उभी राहते. ‘जुन्या कपड्यांचे दुकान’ म्हणावे तर त्यातील दान हरवते. ‘सेवाभांडार’ म्हटले की खादी, मध आणि हातसडीचा तांदूळ आठवतो. शब्द नाही म्हणून वस्तूही नाही, असे दर वेळी म्हणता येत नाही. येथे मात्र शब्दाचा अभाव काही सांगू पाहतो आहे असे आम्हांस वाटते, आणि तो काय सांगतो याचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तू काय ते पाहू. लोक आपल्या घरातील वापरलेल्या पण धडक्या वस्तू एका दुकानाला विनामूल्य देतात. त्यांत कपडे अधिक, शिवाय पुस्तके, भांडी, खेळणी. दुकानात उभे राहणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. आलेला माल ते निवडतात, धुतात, इस्त्री करतात, त्यावर किंमत लावतात. ज्याला हवे तो येऊन विकत घेतो. उरलेला पैसा एखाद्या लोकोपयोगी कामाकडे जातो. देणारा, विकणारा आणि घेणारा अशी तीन माणसे या व्यवहारात आहेत, आणि यांतील देणारा व घेणारा सहसा एकमेकांना भेटत नाहीत. या न भेटण्याला आम्ही फार महत्त्व देतो. त्याचे कारण पुढे येईल.

हा प्रश्न आम्ही सिंधुदुर्गनगरीत बसून विचारतो आहोत, हेही सांगणे आवश्यक आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला आणि कुडाळ तालुक्यातील ओरोस येथे त्याचे मुख्यालय वसले. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी ही गावे बंदर, पेठ किंवा संस्थान यांच्या आधाराने वाढली. ओरोसची नगरी कचेऱ्यांच्या आधाराने वाढली. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय आणि भोवती कर्मचाऱ्यांची वसाहत. येथे बदली होऊन माणसे येतात आणि बदली होऊन जातात. बदलीच्या वेळी घर आवरावे लागते. मुलांचे आखूड झालेले कपडे, दोनदाच नेसलेल्या साड्या, मागच्या इयत्तेची पुस्तके, एखादा स्वेटर, ज्याची या हवेत कधी गरजच पडली नाही. या वस्तू टाकवत नाहीत आणि नेववतही नाहीत. मग घरात हलक्या आवाजात एक प्रश्न विचारला जातो : “त्यांना विचारू का? राग तर येणार नाही ना?” ‘त्या’ म्हणजे बहुधा घरी कामाला येणाऱ्या बाई. या संकोचामागे एक मोठा इतिहास आहे.

१

चॅरिटी शॉपचा इंग्रजी इतिहास थोडक्यात सांगता येतो. साल्व्हेशन आर्मीचे विल्यम बूथ यांनी १८९० मध्ये आपल्या ग्रंथात सुखवस्तू घरांतील टाकाऊ वस्तू गोळा करून त्यांवर बेकारांना काम देण्याची योजना मांडली. अमेरिकेत बोस्टन येथे एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने १९०२ मध्ये जुने कपडे दुरुस्त करून विकण्याचा उद्योग सुरू केला. तोच पुढे ‘गुडविल’ या नावाने पसरला. ऑक्सफर्डमध्ये १९४२ साली युद्धग्रस्त ग्रीसमधील उपासमारीवर उपाय म्हणून एक समिती स्थापन झाली. पुढे ‘ऑक्सफॅम’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या समितीने ब्रॉड स्ट्रीटवर आपले दुकान १९४८ च्या आरंभी उघडले. ब्रिटनमधील गावोगावच्या चॅरिटी शॉपची परंपरा प्रामुख्याने या दुकानाशी जोडली जाते.

परंतु दान आणि विक्री यांची सांगड याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा एक नमुना आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडेच सापडतो. यान हुइखेन व्हान लिन्सखोटेन हा डच प्रवासी १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने जुन्या गोव्यातील ‘रुआ दिरैता’ या मुख्य रस्त्यावरच्या लिलावाचे वर्णन केले आहे. रविवार आणि सणांचे दिवस सोडून रोज सकाळी हा लिलाव भरे. कोणी मेला की त्याची चीजवस्तू येथे आणून शेवटच्या कवडीपर्यंत विकली जाई. मृत मनुष्य खुद्द व्हाइसरॉय असला तरी हाच नियम होता. विधवा आणि अनाथ यांना त्यांचा हिस्सा चोख मिळावा, हा त्यामागचा हेतू. याच शहरात ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’ हा गृहस्थांचा दयासंघ सोळाव्या शतकाच्या आरंभापासून काम करी. बेवारशांचे दफन, कैद्यांची आणि गरिबांची काळजी, मृतांच्या इस्टेटीची व्यवस्था ही कामे त्याचे सदस्य धर्मकार्य म्हणून पाहत. ‘लिलाव’ हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आलेला आहे.

मेलेल्या माणसाचा अंगरखा चौकात किंमत लावून विकला जाई आणि तो घेणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नसे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पैसे मोजल्यावर वस्तूची जुनी ओळख पुसली जाते, ही किंमतीची शक्ती. मात्र लिन्सखोटेनने त्याच ठिकाणी विक्रीला उभे केलेले गुलाम स्त्रीपुरुषही पाहिले होते. विधवेला न्याय देणारा बाजार त्याच सकाळी माणसाचीही किंमत लावत होता. तेव्हा किंमत आली की प्रतिष्ठा आली, असे सरळ समीकरण आम्ही मांडणार नाही. किंमतीबरोबर आणखी काही असावे लागते.

२

आता आपल्या घरात येऊ. जुन्या कापडाविषयी मराठी मनाला मुळातच तिटकारा आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. ‘जुनेर’ हा शब्द उच्चारताच त्याचा मऊपणा हाताला जाणवतो. तान्ह्या बाळाची दुपटी आणि बाळोती आजीच्या किंवा आईच्या जुन्या लुगड्याची करावीत, नवे कापड बाळाला टोचते, असे घरोघर सांगितले जाते. थोरल्याचा सदरा धाकट्याला, मोठीचा परकर धाकटीला हा तर कुटुंबाचा नियमच. शेवटी उरलेल्या तुकड्यांची गोधडी होते, कुठे तिला वाकळ म्हणतात. गोधडीत घरातल्या चार पिढ्यांची कापडे एकमेकांना शिवलेली असतात, आणि ती अंगावर घेताना कुणाला कमीपणा वाटत नाही. धडुते, चिंधी, फडके, बोळा अशी कापडाच्या म्हातारपणाची एकेक पायरी आपल्या भाषेने नाव देऊन जपली आहे.

घराच्या उंबऱ्याच्या आत जुने कापड म्हणजे माया. उंबरा ओलांडून ते कापड परक्याच्या अंगावर जाते तेव्हा मात्र त्याचा अर्थ बदलतो, आणि हा बदल केवळ भावनेचा नाही, तो आपल्या समाजरचनेत कोरलेला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असा नियम आहे. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उरलेले अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. स्मृतीतील वचन आणि गावातील वहिवाट या दोन गोष्टी एक नव्हेत, हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या गावगाड्यातही प्रेतावरचे कापड महारांकडे जाई, आणि ते हक्क म्हणून जाई. येथे ‘हक्क’ या शब्दाची गंमत अशी की, तो हक्क नाकारण्याचा हक्क त्यात नव्हता. सणावाराला मिळणारे जुने धडुते घेणे आणि ते देणाऱ्याच्या देखत घेणे, हा त्या नात्याचाच भाग होता. कापड अंगावर असेपर्यंत कोणी दिले याची साक्ष ते गावभर देत राही.

साहित्याच्या अभ्यासकांनी दलित आत्मकथने या दृष्टीने पुन्हा वाचावीत, असे आम्ही सुचवू. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या पुस्तकाचे नावच मुळी मिळणाऱ्या वाट्याचे नाव आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये वीरगावच्या महारवाड्यातील अंगावरच्या चिंध्यांचे जे चित्र येते, ते केवळ दारिद्र्याचे चित्र म्हणून वाचले तर अर्धेच वाचल्यासारखे होईल. कापड फाटके आहे, याहून ते कुणाच्या तरी अंगावरून उतरलेले आहे, ही त्यातील बोच आहे.

येथे एक विरोधी उदाहरण ठेवतो. बौद्ध भिक्षूंच्या आचारात ‘पांसुकूल’ चीवराला मोठा मान आहे. धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेली चिंधी वेचावी, धुवावी, शिवावी आणि नेसावी. महाकाश्यपाशी बुद्धाने स्वतःच्या अशा चीवराची अदलाबदल केल्याची कथा प्रसिद्ध आहे. म्हणजे स्मशानातले तेच कापड एकाच्या अंगावर भूषण होते आणि दुसऱ्याच्या अंगावर लांच्छन. कापडात फरक नाही, धाग्यात फरक नाही. भिक्षूने ते निवडले आहे; चांडाळावर ते लादले आहे. आमच्या सगळ्या विवेचनाचा कणा या फरकात आहे.

३

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले, आणि त्यात लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत, कपडे फाटके असले तरी स्वच्छ कसे ठेवावेत, याविषयी ते बोलले. ग्रंथदहनाच्या इतक्या जवळ लुगड्याच्या नेसणीची चर्चा कशासाठी, असे वरवर वाचणाऱ्याला वाटेल. वर सांगितलेला इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर त्या दोन गोष्टी एकच आहेत हे कळते. अंगावरच्या वस्त्रावरून माणसाची जागा ओळखू यावी, या व्यवस्थेलाच तो नकार होता.

या नकाराला पैशाचे पाठबळही हवे होते, आणि कोकणात ते दोन वाटांनी आले. एक वाट पलटणीची. सैन्यातील गणवेश हा पुष्कळ महार कुटुंबांत नोकरीचा भाग म्हणून आलेला कपडा होता. तो कुणाच्या अंगावरून उतरलेला नव्हता. ही भरती बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांसारख्या कोकणातील निवृत्त सैनिकांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यामागे पगार आणि निवृत्तिवेतन होतेच, पण ही प्रतिष्ठाही होती. दुसरी वाट मुंबईच्या गिरणीची. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणगावातील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. परंतु तेथेही कापडाने पाठ सोडली नाही. धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे, आणि चांगला पगार त्याच खात्यात होता. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. नवे कापडही असे जातीच्या ओठांतून विणले जात होते.

याच काळात जुन्या कापडाच्या दानावर आणखी एक वाद झाला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची मोठी होळी पेटली. ही वस्त्रे जाळण्यापेक्षा उघड्या-नागड्या गरिबांना का देऊ नयेत, असा प्रश्न सी. एफ. अँड्र्यूज आणि रवींद्रनाथ यांच्यासारख्या स्नेह्यांनी गांधीजींना विचारला. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा होता की, ज्यांना काम हवे आहे त्यांना उतरलेले कपडे देणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांना काम द्यावे. गांधीजी आणि आंबेडकर यांच्यातील मतभेदांची यादी लांब आहे. परंतु ‘उतरलेले कापड देऊन माणसाला उभे करता येत नाही’ या मुद्द्यापाशी दोघे, वेगवेगळ्या रस्त्यांनी, जवळ आलेले दिसतात.

४

मग जुने कापड जात कुठे होते? शहरात त्याचे उत्तर बोहारीण हे होते. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन चाळीच्या जिन्यात येणारी ही बाई जुने कपडे घेई आणि बदल्यात भांडे देई. यांतील बहुतेक स्त्रिया गुजरातकडील वाघरी समाजाच्या. या व्यवहाराचे वर्णन आपल्याकडे सहसा विनोदाच्या अंगाने झाले आहे : घासाघीस, जरीच्या साडीवर अडून बसणे, पातेले लहान की मोठे. परंतु त्याची रचना पाहण्यासारखी आहे. येथे कुणी कुणावर उपकार करत नाही. गृहिणीला भांडे मिळते, बोहारणीला माल मिळतो. ती कपडे धुऊन, शिवून, रंगवून चिंधी बाजारात विकते, आणि तेथे ते घेणाऱ्या मजुराला मूळ मालकाचे तोंड पाहावे लागत नाही. कोणताही धर्मादाय हेतू नसताना बोहारणीने देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम केले. चॅरिटी शॉपची अर्धी बाजू आपल्याकडे पाटीत बसून दारोदार हिंडत होती. मात्र हे मधले काम ज्यांनी केले त्यांना समाजाने कधी मान दिला नाही. भांडे घेऊन झाले की दार लावून घेतले जाई.

कोकणच्या गावात याहून वेगळी रीत होती. गणपतीला गावी येणारा चाकरमानी ट्रंकेत जी वस्त्रे घेऊन येई, त्यांत घरच्यांसाठी नवे कापड असे आणि मुंबईतील बिऱ्हाडात वापरून झालेले कपडेही असत. आधी बोटीने, मग एस.टी.ने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने ही ट्रंक, पुढे बॅग, येत राहिली. जुने कपडे भावकीत वाटले जात. येथे उंबरा थोडा रुंद झाला होता. भाऊबंद हे घरचेच. पण ट्रंक कुणासमोर उघडते आणि कुणासमोर उघडत नाही, याचा नियम वाडीला ठाऊक असे. याच चाकरमान्यांनी मुंबईत ग्रामस्थ मंडळे काढली, वर्गणी जमवली आणि गावातील शाळा, देऊळ, वाचनालय यांना हातभार लावला. अनोळखी माणसासाठी देण्याची सवय कोकणाला नव्हती असे म्हणता येणार नाही. ती पैशाच्या आणि श्रमाच्या रूपात होती; कापडाच्या रूपात नव्हती.

या स्थलांतराचा ठसा जनगणनेतही दिसतो. २००१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा घटला. २०११ मध्ये येथे दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. बंद घरे, भरलेली कपाटे आणि मागे राहिलेली वृद्ध माणसे, असा त्याचा अर्थ आहे. येथे वस्तूंची टंचाई एका घरात असते आणि शेजारच्या बंद घरात त्या वस्तू कुजत असतात.

५

चॅरिटी शॉपमधील तिसरा माणूस म्हणजे स्वयंसेवक. त्याच्याविषयी बोलताना ओरोसच्या उत्तरेला असलेल्या कणकवलीकडे वळावे लागते. ‘कोकणगांधी’ म्हणून ओळखले गेलेले सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. त्याआधी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू द्यावे अशी मागणी केली. वरिष्ठ जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून ती नाकारली गेली, तेव्हा अप्पासाहेबांनी अन्नत्याग केला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. पुढे गोपुरीत मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवणे व कमावणे, मैल्याचे खत करणे ही कामे अप्पासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः केली.

इथे पांसुकूलाचे उदाहरण पुन्हा आठवावे. जे काम दुसऱ्यावर लादलेले होते ते अप्पासाहेबांनी निवडले. त्यावर आंबेडकरी चळवळीचा आक्षेपही तितकाच खरा आहे : तुम्ही निवडल्याने, ज्याच्यावर ते लादले आहे त्याची सुटका होत नाही, त्याला ते टाकून देता आले पाहिजे. कातडे सोडवण्याचे, मेलेले जनावर ओढण्याचे काम सोडा, हा आंबेडकरांचा आदेश होता. एकाने घाण हातात घेतली, दुसऱ्याने हात झटकायला सांगितले. या दोन भूमिका परस्परविरोधी म्हणून शिकवल्या जातात. आमच्या मते जुन्या वस्तूंच्या व्यवहाराला त्या दोन्ही एकदमच लागतात. देणाऱ्यांच्या वर्गातील कुणीतरी परक्याचे वापरलेले कपडे हातात घेऊन निवडले, धुतले पाहिजेत. आणि घेणाऱ्याला ते पाहून ‘नको’ म्हणता आले पाहिजे. पहिली गोष्ट नसेल तर दान म्हणजे केरकचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे होते. दुसरी नसेल तर दान म्हणजे बलुते होते.

पहिली गोष्ट नसली की काय होते, ते डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दिसले. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. संकटातही मच्छीमार कुटुंबांनी ते उचलले नाहीत. १९९९ मध्ये दिल्लीत अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने त्यांतील पुष्कळ कापड उचलून निवडले आणि वापरात आणले. या संस्थेची रीत अशी की, गावाने स्वतः ठरवलेले काम करावे, म्हणजे विहीर उपसावी, रस्ता दुरुस्त करावा, बांध घालावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे व वस्तू घ्याव्यात. अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परळच्या होळीच्या वेळी गांधीजींनी ‘कपडा नव्हे, काम’ असा जो पर्याय ठेवला होता, त्याचे येथे ‘कामासाठी कपडा’ असे रूप झाले आहे. आमच्या मनात एक शंका उरते. मोबदला म्हणून मिळणारी वस्तू आधीच ठरलेली असेल तर निवड कितीशी उरते? तरीही दानाची दिशा बदलली, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा प्रयोग ‘माणुसकीच्या भिंती’चा. इराणमध्ये २०१५ च्या हिवाळ्यात भिंतीवर खुंट्या ठोकून ‘नको असेल ते ठेवा, हवे असेल ते न्या’ असे सांगण्याची प्रथा पसरली. लगेच पुढच्या काळात महाराष्ट्रातील शहरांतही अशा भिंती रंगल्या. येथे देणारा आणि घेणारा भेटत नाहीत, ही जमेची बाजू. पण मधला माणूसही नाही. त्यामुळे कोणी निवडत नाही, धुत नाही, बघत नाही. भिंत पावसात भिजते, फाटके खाली पडते. शिवाय भिंत भर चौकात असते; तेथून कपडा उचलणाऱ्याला सारा रस्ता पाहतो. दुकानाला दार असते. त्या दाराआड माणसाला थोडा एकांत मिळतो, त्याची किंमत आम्ही कमी लेखत नाही.

६

वाचकांपैकी बहुतेक साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी आहेत, म्हणून शेवटी एका अशा वस्तूकडे लक्ष वेधतो जी वापरलेली असूनही कोकणात कुणाला कमी वाटली नाही : पुस्तक. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या गावांत वाचनालयांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. तेथील कपाटांत देणगीची पुस्तके असतात, आतल्या पानावर कुण्या दिवंगताच्या स्मरणार्थ असा शिक्का असतो, आणि संध्याकाळी अनेकदा मानधनाशिवाय कुणी गुरुजी पुस्तकांची देवघेव करीत बसतात. दान, स्वयंसेवा, वापरलेली वस्तू, सगळे आहे. तरी वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्याला आपण भीक घेतली असे वाटत नाही. कारण तो वर्गणीदार आहे. वर्गणी चार पैसे असली तरी ती त्याने दिली आहे. तो कपाटासमोर उभा राहून दहा पुस्तके चाळतो आणि नऊ परत ठेवतो. ती नऊ परत ठेवताना त्याला कोणी विचारत नाही. आरंभीच्या काळात या दारांतूनही सर्वांना प्रवेश नव्हता, हे विसरता येणार नाही. पण दार उघडल्यावर आत जो व्यवहार होतो तो बरोबरीचा आहे. ऑक्सफॅमलाही १९८० च्या दशकात केवळ पुस्तकांची स्वतंत्र दुकाने काढावीशी वाटली, यात नवल नाही.

तेव्हा सिंधुदुर्गनगरीत कधी कुणी असे दुकान काढायचे ठरवले, तर त्याला आदर्श शोधण्यासाठी ऑक्सफर्डपर्यंत जाण्याची गरज नाही. वाचनालयाची रीत कापडाला लावावी लागेल. बदली होऊन जाणाऱ्या कुटुंबाने कपडे धुऊन, बटण लावून आणून द्यावेत. निवृत्त कर्मचाऱ्यांनी, महाविद्यालयातील मुलांनी पाळीपाळीने गल्ल्यावर बसावे. प्रत्येक कपड्यावर किंमतीची चिठ्ठी असावी, दहा रुपयांची का असेना. जिल्हा रुग्णालयात आईला घेऊन आलेली वैभववाडीची मुलगी आणि तिथल्याच कचेरीतील अधिकारी, दोघेही तेथे गिऱ्हाईक म्हणूनच आले पाहिजेत. हे दुसरे साधले नाही, केवळ गरिबांसाठीचे दुकान अशी त्याची ख्याती झाली, तर ते दुकान आठवड्याभरात गावगाडा होईल. आणि दुकानात एक आरसा असावा. कपडा अंगाला लावून पाहायचा, मान वळवून पाहायचे, पसंत नसेल तर घडी घालून परत ठेवायचा आणि रिकाम्या हाताने बाहेर पडायचे. ज्यांच्या पूर्वजांना हे कधी करता आले नाही, त्यांना ते करता येईल तेव्हा या वस्तूला मराठीत शब्दही सापडेल.